गुंडाळण्याचा इतिहास

इतिहास नेहमी पसरणाऱ्यांचा लिहिला जातो. साम्राज्य पसरलं, धर्म पसरला, अगदी प्लेग पसरला तरी इतिहासकार दौत-लेखणी घेऊन हजर. पण पसरलेलं ज्यानं मागाहून निमूटपणे गुंडाळलं, त्याच्या वाट्याला धड्याच्या शेवटी अर्धी ओळ येते. माझी नोकरी बँकेतली असल्यामुळं हा अन्याय मला रोज दिसतो. कर्जवाटपाच्या मेळाव्याला मंडप असतो, हार असतात, साहेबांचा फोटो असतो. वसुलीला मात्र एकटा कारकून मोटारसायकलवरून जातो आणि त्याला चहासुद्धा कुणी विचारत नाही. तेव्हा गुंडाळणाऱ्या माणसाबद्दल मला आधीपासूनच आपुलकी आहे. आज सांगणार आहे तो इतिहास असाच गुंडाळण्याचा आहे. सतरंजी गुंडाळण्याचा नव्हे, दुकान गुंडाळण्याचाही नव्हे (त्याच्या फायली आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत), तर शीड गुंडाळण्याचा.

शीड म्हटल्यावर जळगावचा वाचक चष्मा पुसून लेखकाचं नाव पुन्हा एकदा वाचील, हे मी धरून चालतो. जळगावहून समुद्र रेल्वेनं शेकडो किलोमीटर लांब. आमच्याकडं अथांग पाणी म्हणजे मेहरुणचा तलाव. धुळेकराला तर पांझरेचा पूर सोडला तर तेवढंही नाही. तापी आमच्या दारावरून जाते खरी, पण आम्हाला रामराम करून ती थेट सुरतेला समुद्राला मिळते. आम्हाला घेऊन जात नाही. असं असताना हा विषय माझ्या टेबलावर आला तो पुतण्यामुळं. तो अमेरिकेत असतो. तिथं त्यानं तीस फुटी, सेकंडहँड, शिडाची बोट घेतली आणि तिच्या पुढच्या शिडाला 'रोलर फर्लिंग' बसवण्याची तीन कोटेशनं मला पाठवून दिली. "काका, समुद्रातलं तुम्हाला काही कळणार नाही, पण कोटेशनमधलं कळेल," असं वर लिहिलं. पुढच्या पिढीनं आपली योग्यता इतकी नेमकी ओळखावी, यापरतं समाधान नाही.

आधी दुखणं काय ते सांगतो, म्हणजे औषध कळेल. अशा बोटीला साधारणपणे दोन शिडं असतात. एक डोलकाठीच्या मागं, मोठं. दुसरं पुढं, तिकोनी. बोटीच्या नाळेपासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत एक जाड तार ताणलेली असते आणि खिडकीचा पडदा कड्यांनी अडकवावा तसं हे पुढचं शीड पितळी आकड्यांनी त्या तारेला अडकवलेलं असतं. वारा मंद असला की मोठं शीड लावायचं, वाढला की ते काढून लहान लावायचं. ऐकायला सोपं आहे. पण हे काढणं-लावणं करायचं ते नाळेवर जाऊन. आणि वारा वाढतो तेव्हा सगळ्या बोटीत जर कुठली जागा जास्तीत जास्त उसळत असेल तर ती नाळ. म्हणजे एसटीच्या मागच्या बाकावर बसून, रात्री, पावसात, धावत्या गाडीच्या टपावरची ताडपत्री बदलण्यासारखं ते काम.

त्यात वाऱ्याचा हिशेब सावकारी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट, तर जोर नऊपट. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. व्याज मुद्दलाच्या पलीकडे एका वेळी वसूल करता येत नसे. मोठमोठ्या सावकारांना तो नियम लागू पडला, पण वाऱ्याला कुणी लावू शकलं नाही. म्हणून शीड किती मोठं पसरता येतं याला फारशी किंमत नाही. ते किती लवकर आखडता घेता येतं, याच्यावर माणूस घरी येणार की नाही ते ठरतं.

हे ज्ञान आमच्या केळीला आहे. मे-जूनमध्ये रावेर-यावलकडं वादळ सुटतं तेव्हा एखाद्या बागेत जाऊन पाहा. केळीचं पान कोवळं असताना अखंड असतं, पंगतीला वाढावं असं. वारा लागला की ते शिरांच्या रेषेत फाटतं आणि त्याच्या झिरमिळ्या होतात. वारा त्यातून निघून जातो आणि पान जागेवर राहतं. दुर्दैव इतकंच, की घडानं वाकलेल्या खोडाला ही युक्ती जमत नाही. ते आडवं होतं. मग शेतकरी वेगवान वाऱ्याच्या विम्याची पावती घेऊन आमच्या काउंटरवर येतो आणि मी त्याच्याकडून तीन झेरॉक्स मागतो. पान फाटून वाचतं, खोड ताठ राहून पडतं. शिडाचा सगळा इतिहास एवढाच आहे, फक्त तो इंग्रजांनी पेटंट घेऊन लिहिला.

आणि गंमत पाहा, तो सुरू होतो जमिनीवर! शीड गुंडाळण्याची गरज सर्वांत आधी खलाशालाच पडली, पण रुळावर गुंडाळायची युक्ती नावारूपाला आली ती पिठाच्या गिरणीत. युरोपातल्या जुन्या पवनचक्क्यांच्या पात्यांवर लाकडी जाळी असे आणि तिच्यावर कापड पसरलेलं असे. वारा वाढला की गिरणीवाल्यानं चक्की थांबवायची, एकेक पातं खाली आणायचं, त्यावर चढायचं आणि कापड आखडून बांधायचं. चार पाती, चार चढाया. तोवर वारा पुन्हा पडला की परत चार. १७७२ साली अँड्र्यू मेकल नावाच्या स्कॉच कारागिरानं कापडाच्या जागी झडपा बसवल्या. पण त्या लावायलाही चक्की थांबवावी लागे. मग १७८९ साली कॅप्टन स्टीफन हूपर यानं पात्यावर कापडाचे लहान लहान रूळ बसवले. चक्की फिरत असतानाच ते गुंडाळायचे आणि उलगडायचे. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली ते हेच साल. तिकडं सिंहासन गुंडाळलं गेलं त्याचा गाजावाजा झाला. इकडं गिरणीवाल्याचे पाय वाचले, त्याची बातमी कुणी दिली नाही.

पवनचक्कीपुरतं बोलायचं तर आम्ही खानदेशी आता हक्कानं बोलू शकतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. या चक्क्या वारा वाढत गेला की आपली पाती हळूहळू स्वतःच्या कण्याभोवती वळवतात आणि वाऱ्याला पाठीऐवजी धार दाखवतात. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वारा गेला की बहुतेक मोठ्या चक्क्या काम थांबवून गप्प उभ्या राहतात. त्या भागातल्या एका शेतकरी खातेदाराला मी विचारलं, "काय भाऊ, तुमच्या वाऱ्यावर कंपन्या पैसा कमावतात, तुम्हाला काय?" तो पासबुक भरून घेत म्हणाला, "वारा काय कोना बापना शे, भाऊ!" अर्थशास्त्राची इतकी थोडक्यात मांडणी मी बी. कॉम.च्या तीन वर्षांत ऐकली नव्हती.

आता समुद्रावर जाऊ. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या गलबतांना तिरक्या परबाणावर बांधलेलं भलंमोठं तिकोनी शीड असे. वारा वाढला की परबाण खाली उतरवायचं, मोठं शीड सोडायचं, लहान बांधायचं आणि पुन्हा वर चढवायचं. त्यासाठी पुष्कळ हात लागत, आणि ते होते. तांडेलानं ओरडायचं आणि खलाशांनी ओढायचं, अशी कामाची सरळ वाटणी होती. आजही कित्येक कचेऱ्यांत ती टिकून आहे. युरोपच्या मोठ्या जहाजांवर शिडं आडव्या काठ्यांवर टांगलेली. ती आखडायची तर खलाशांनी शंभर फूट वर चढायचं, पायाखाली एक दोरी, पोटाखाली काठी, आणि ओलं कापड बोटांनी ओढून बांधायचं. वरून पडलेला माणूस डेकवर पडला तर मेला आणि समुद्रात पडला तर बहुधा सापडला नाही. १८५० च्या सुमारास कनिंगहॅम नावाच्या इंग्रजानं ती आडवी काठीच फिरती केली. डेकवरून साखळ्या ओढल्या की काठी स्वतःभोवती फिरायची आणि शीड तिच्यावर गुंडाळलं जायचं. गिरणीतला रूळ जहाजावर चढला तो असा. पुढं वाफेची जहाजं आली आणि कनिंगहॅमचं शीड व कनिंगहॅम दोघंही मागं पडले.

याच काळात शिडाच्या कापडानं जी कलाटणी घेतली, तिथं आमचा खानदेश समुद्रावर येता येता राहिला. इंग्रजांची शिडं तागाच्या जातीच्या जवसाच्या धाग्याची, म्हणजे लिननची असत. ऑगस्ट १८५१ मध्ये 'अमेरिका' नावाची एक बोट अमेरिकेहून आली आणि आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालायच्या शर्यतीत तिनं इंग्रजांच्या बोटींना हरवलं. तिची शिडं यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची होती. ती सपाट बसत आणि इंग्रजांची शिडं पोटाला सुटत. आज जो 'अमेरिकाज कप' म्हणून मिरवतात तो त्या बोटीच्या नावाचा. त्यानंतर कापसाच्या शिडांना भाव आला. दहा वर्षांनी, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्रजाला एकदम खानदेशची आठवण झाली. त्याच दशकात आमच्याकडं रेल्वे आली आणि जळगाव कापसाची पेठ म्हणून वर आलं. आमच्या कापसाच्या कुठल्या गाठीचं धोतर झालं आणि कुठल्या गाठीचं काय, याची नोंद गाठीवर करण्याची पद्धत नसल्यामुळं मी छातीठोक काही सांगत नाही. पण युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्या आणि बँका धडाधड बसल्या, हे मात्र आमच्या धंद्यातल्या माणसानं विसरू नये. चार वर्षं सगळे पसरत होते. गुंडाळायची दोरी कुणीच तपासली नव्हती.

पुढच्या शिडाला रूळ मिळाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. वायकम-मार्टिन नावाच्या इंग्रज मेजरानं शिडाच्या खालच्या टोकाला एक फिरकी बसवली, वरच्या टोकाला फिरतं कडं. फिरकीवरची दोरी मागं सुकाणूपाशी बसून ओढली की शीड स्वतःच्याच पुढच्या काठाभोवती सुरळीसारखं गुंडाळलं जाई. नाळेवर जायला नको. पण या मेजरसाहेबांच्या यंत्राचा स्वभाव लष्करी होता. शीड एक तर पूर्ण उघडं, नाही तर पूर्ण बंद. अर्धं गुंडाळून चालवू म्हटलं तर ते पीळ खाऊन बसे. आमच्या भाषेत सांगायचं तर एकरकमी परतफेड होती, हप्त्यांची सोय नव्हती.

दुसरी अडचण कापसाची. ओलं सुती शीड गुंडाळून ठेवलं की त्याला बुरशी धरते. श्रावणात ओला टॉवेल घडी घालून कपाटात ठेवणाऱ्या घरांत यावर वेगळं सांगायला नको. म्हणून शीड रोज काढा, वाळवा, घड्या घाला. ही पीडा टळली ती टेरिलीनमुळं. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तो धागा काढला. आपल्याकडं त्याच्या विजारी आल्या आणि घरोघरच्या इस्त्रीवाल्याचं महत्त्व कमी झालं. तिकडं १९५० नंतर त्याची शिडं झाली. अमेरिकेत त्यालाच डॅक्रॉन म्हणतात. हे कापड ओलं गुंडाळा, कुजत नाही. त्याचा शत्रू एकच, ऊन. म्हणून गुंडाळल्यावर जो काठ बाहेर उरतो त्याच्यावर जाड कापडाची वेगळी पट्टी शिवतात. पट्टी उन्हात जळते, शीड वाचतं, पट्टी बदलता येते. पुतण्याच्या कोटेशनमध्ये या पट्टीला फार भारदस्त नाव होतं आणि किंमतही. आमच्या सौभाग्यवतींनी ते वाचायला मागितलं आणि पहिल्याच झटक्यात निकाल दिला, "अहो, हा तर साडीचा फॉल!"

हप्त्यांची सोय झाली ती साधारण १९७० नंतरच्या वीस वर्षांत. तारेवरून अॅल्युमिनियमची एक पोकळ नळी चढवली, तिला उभी खाच पाडली आणि शिडाचा काठ त्या खाचेतून सरकवला. आता नळी फिरते आणि तिच्याबरोबर शीड हवं तेवढंच गुंडाळतं. पाव, अर्धं, पाऊण. त्यातही गोम आहेच. शिडाला मधोमध पोट असतं. सगळं उलगडलेलं असताना ते हवंच. त्यावरच बोट चालते. पण अर्धं गुंडाळलं की दोन्ही टोकं आवळली जातात आणि पोट तसंच राहतं. जोराच्या वाऱ्यात नेमकं सपाट शीड पाहिजे. म्हणून पुढच्या काठाशी आत फोमची पट्टी शिवतात. ती आधी गुंडाळली जाते आणि मधला सैलपणा खाऊन टाकते. काठ आवळले तरी पोट कायम राहतं, हा अनुभव चाळिशी उलटलेल्या पुरुषाला पट्ट्याच्या बाबतीत असतोच. फोमचा उपाय आमच्याकडं अजून निघालेला नाही.

एवढा इतिहास पाठ झाल्यावर मी कोटेशनं हाती घेतली. पहिल्यातच लिहिलं होतं, 'शीड १५० टक्के'. बँकेत शंभर टक्क्यांच्या वर काही दिलं की चौकशी लागते, आणि हे लोक छापील कागदावर दीडशे टक्के विकतात! मग कळलं ते असं. पुढच्या तारेपासून डोलकाठीपर्यंतचं अंतर शंभर धरायचं. शीड त्याहून मागं गेलं, डोलकाठी ओलांडून, की तेवढे टक्के वर. दीडशे टक्क्यांचं शीड मंद वाऱ्यात फार सुरेख चालतं आणि बंदरात लोक वळून बघतात. पण गुंडाळलेलं शीड साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंतच आकारात राहतं. त्यापुढं त्याचं पोतं होतं. म्हणजे दीडशेवाल्याला नेमकं वादळात पोत्यावर निभवावं लागणार. एकशेवीस-एकशेतीसवाला थोडा हळू जाईल, पण शंभरच्या खाली चांगल्या अवस्थेत येईल. मी पुतण्याला सरळ कर्जाच्या भाषेत लिहिलं, की बाबा, माणसाची ऐपत दसऱ्याच्या पगारावर मोजायची नसते, जूनमधल्या शाळेच्या फीवर मोजायची असते.

दुसरा मुद्दा शटरचा. आमच्या शाखेचं लोखंडी शटर अधूनमधून अर्ध्यावर अडकतं आणि मग आम्ही सगळे, मॅनेजरसकट, वाकून आत जातो. ग्राहकांना वाटतं ही नवी नम्रता. शिडाच्या बाबतीत हा प्रकार वरच्या टोकाला होतो. शीड वर ओढणारी दोरी तारेला अगदी समांतर गेली, तर नळी फिरताना दोरीही तिच्याभोवती वेढे घेते आणि सगळं जखडून बसतं. ना उघड, ना बंद. म्हणून वरच्या कड्यापासून दोरी थोड्या कोनात मागं डोलकाठीकडं गेली पाहिजे. खालच्या फिरकीवरही दोरी ओळीनं बसली पाहिजे, सैल पडून एकावर एक चढता कामा नये. तिन्ही कोटेशनांत रंगाचे पर्याय होते. या कोनाबद्दल एकातच एक ओळ होती. मी त्या एकापुढं बरोबरची खूण केली.

तिसरा मुद्दा ऑडिटचा. तार आता नळीच्या आत गेली. ती कुजते, तिचे पदर तुटतात, पण बाहेरून नळी लखलखीत. आणि ही तार गेली तर नुसतं शीड जात नाही, डोलकाठीच मागं कोसळू शकते. म्हणून ठरावीक काळानं नळी उतरवून तार बघणं आलं. चौथा मुद्दा, तुफानासाठी वेगळं, लहान, जाड शीड आणि ते लावायला आतल्या बाजूला वेगळी तार. आणि पाचवा, बोट बंदरात ठेवून महिनाभर कुठं जायचं असेल किंवा मोठं वादळ येणार असेल तर गुंडाळलेल्या शिडावर विसंबायचं नाही. ते काढून घरात आणायचं. वाऱ्याला सुरळीत एक बोट घालायला जागा मिळाली की तो सगळं शीड उलगडतो आणि रात्रभर फाडत बसतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, की तीस फुटी हौसेच्या बोटीसाठी हा कुणी सांगितलेला आटापिटा? तर ज्यांच्यासाठी हौसेचा प्रश्न नव्हता त्यांच्याकडं पाहू. १९६८-६९ साली एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घालणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची बत्तीस फुटी 'सुहेली' ही आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. तिला आजच्यासारखं गुंडाळतं शीड नव्हतं. ३१२ दिवस वारा बदलला की हा माणूस नाळेवर जाऊन शीड बदलत होता. त्या शर्यतीत नऊ निघाले, ती पुरी केली एकट्या त्यानं. एरिक टाबार्ली हा फ्रान्सचा थोर दर्यावर्दी, जन्मभर महासागरांत काढलेला. १९९८ च्या जून महिन्यात एका रात्री आयर्लंडजवळच्या समुद्रात शीड उतरवताना काठीचा तडाखा बसून तो पाण्यात पडला आणि गेला. ते शीड पुढचं नव्हतं, मागचं मोठं होतं. पण गुंडाळण्याची वेळ तीच होती.

आपल्याकडं या वेडाचे जनक म्हणजे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला माणूस. जन्म सुरतेचा, म्हणजे आमची तापी जिथं जाते तिथला. आणि निवृत्तीनंतर मुक्काम कुठं, तर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात, कोरड्या माळावर. तिथं बसून त्यांनी एखाद्या भारतीयानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करावी हा ध्यास नौदलाच्या गळी उतरवला. मला हे वाचून फार हुरूप आला. समुद्रावर बोलायला समुद्राकाठीच राहावं लागतं असं नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात छप्पन्न फुटी 'म्हादेई' बांधली गेली. मांडवी नदीचं मूळ नाव ते. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरं घेऊन मे २०१० मध्ये परत आले. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून सहा महिला अधिकारी गेल्या आणि २०२४-२५ मध्ये तिच्यातूनच दिलना आणि रूपा अशा दोघीच. छप्पन्न फुटी बोट, तिची मोठी शिडं, पुढची शिडं, तुफानातलं शीड, आणि हात फक्त चार. गलबतावर तांडेल ओरडायचा आणि वीस जण ओढायचे. इथं एकीनं ओढायचं आणि दुसरीनं झोपायचं.

पण यंत्राची महती गाताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉमी दुसऱ्या एका शर्यतीत, 'सुहेली'च्याच धर्तीवर बांधलेल्या 'थुरिया'त होते. दक्षिण हिंदी महासागरात तुफानानं बोट पालथी केली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीचा कणा दुखावला, आणि 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं सुटका करेपर्यंत तीन दिवस ते पडून होते. समुद्रानं ठरवलं तर शीड कितीही नेटकं गुंडाळलेलं असो, तो बोटीसकट गुंडाळतो. विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं, ते हेच. तेच टॉमी पाठीत धातू बसवून पुन्हा त्याच शर्यतीला गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. हे वाचलं त्या दिवशी मी 'पाठ धरली' म्हणून टाकलेला रजेचा अर्ज परत घेतला.

पुतण्यानं माझं ऐकून एकशेवीस टक्क्यांचं शीड घेतलं. फॉल लावून, फोम घालून, दोरीचा कोन तपासून. आता त्याची बायको सांगते, की बंदरातून निघायच्या आधी तो दर वेळी शीड एकदा पूर्ण उघडतो, पूर्ण गुंडाळतो आणि मगच दोर सोडतो. शेजारच्या दीडशे टक्केवाल्या बोटी तोवर लांब गेलेल्या असतात.

मीही ही पद्धत शाखेत लागू करावी असं वर लिहून पाठवलं आहे. नवीन कर्ज मंजूर करण्याआधी वसुलीची दोरी एकदा ओढून बघावी, अशी नम्र सूचना. तिची पोच आली आहे. पुढच्या महिन्यात कर्जवाटपाचा मेळावा आहे. मंडपाची जबाबदारी माझ्याकडं दिली आहे. मी मंडपवाल्याला पहिला प्रश्न विचारला, "सोडायला किती वेळ लागतो?" तो म्हणाला, "साहेब, आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं."